कॅश्यूची सुपारी

मुलाला कंपनीने वर्षभरासाठी जर्मनीला धाडलं आणि मुलाने आपला कुत्रा वर्षभरासाठी आमच्याकडे, गोव्यात पेडण्याला धाडला. जाताना दोघांनाही आम्ही एकच सूचना केली होती : नवी जागा आहे, दिसेल ते खाऊ नकोस. मुलाने ती पाळली.

कुत्रा लॅब्रॅडॉर, वय ३ वर्षं, वजन ३२ किलो, नाव कॅश्यू. बंगळुरात हल्ली कुत्र्यांना खाण्याच्या पदार्थांची नावं ठेवतात म्हणे. मुलाच्या सोसायटीत एक कुकी, एक मोका आणि दोन पनीर होते. तिथे कॅश्यू खपून गेला असेल. पण पेडणे तालुक्यात, ऐन मार्च महिन्यात, रस्त्याच्या मधोमध उभं राहून 'कॅश्यू! कॅश्यू!' अशा हाका मारून पाहा. पहिल्याच दिवशी तिघांनी मला 'काजू कितले किलो?' म्हणून विचारलं. चौथ्याने काही विचारलं नाही. तो पिशवी घेऊनच आला.

कुत्र्याबरोबर दोन वस्तू आल्या. एक, आत-बाहेर होणारी दोरी. सोडली की पाच मीटर, मुठीवरचं बटण दाबलं की जागच्या जागी थांबते. आणि दुसरी, दोन पानांचं पत्रक. त्यात 'रोज दोनदा फिरवणे' आणि 'हे खाऊ देऊ नये' अशी यादी होती : चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण. मी ती नीट वाचली आणि निश्चिंत झालो. चॉकलेट आमच्या घरात डॉक्टरांनी आधीच बंद केलेलं. द्राक्षं पेडण्यात पिकत नाहीत. कांद्याची माळ पडवीच्या वाशाला टांगलेली, म्हणजे कुत्र्याच्या काय, माझ्याही हाताला न लागणारी. बाहेर तर नुसता निसर्ग. निसर्गात काय खायचंय?

इथे लॅब्रॅडॉरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की साधारण चार लॅब्रॅडॉरांमागे एकाच्या एका जनुकातला लहानसा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचवण्यात त्या जनुकाचा हात असतो. तुकडा नाही, तर वर्दी नाही. त्या चारांतला एक आमच्याकडे आला होता, हे ओळखायला मला प्रयोगशाळा लागली नाही.

आमच्या गावात कुत्र्याला फिरायला नेत नाहीत. तो फिरूनच आलेला असतो. पहिल्या सकाळी मी दोरी घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या काकी अंगण झाडता झाडता थांबल्या. "सुण्याक भोंवडायता?" त्यांच्या आवाजात अशी काळजी होती, जणू कुत्र्याला पायच नाहीत. त्यांचा तांबड्या नावाचा गावठी कुत्रा तेवढ्यात गावाची एक फेरी मारून आला होता. तो आमच्या मागून निघाला. दोरी नाही, पत्रक नाही. पुढचं वर्षभर त्याने आमच्यावर जी देखरेख ठेवली, तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहिला दणका नावबंधूनेच दिला.

काजू हा मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात इकडे आणला आणि आमच्या डोंगरांनी तो असा आपला म्हटला की आता मूळ विचारलेलं त्याला आवडत नाही. मार्चपासून झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडवांचा सडा पडतो. बोंडवाच्या खाली लोंबणारी बी, तिच्या टरफलात तेल असतं आणि ते कातडीला भाजून काढतं. बिया गोळा करणाऱ्या, फोडणाऱ्या बायकांची बोटं पाहा म्हणजे कळेल. हेच तेल कारखान्यात गेलं की मोटारीच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये वापरतात. कॅश्यूने दोन ओल्या बिया कडाकडा फोडल्या आणि तोही जागच्या जागी थांबला. ओठ सुजले, जिभेला फोड आले, दोन दिवस तो पाणीसुद्धा माझ्याकडे संशयाने पाहत प्यायचा. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत, ही माहिती मला तालुक्याच्या पशुवैद्यांनी दिली. शहाण्या माणसाच्या सकाळच्या फेरीत बिब्बा कोण घालतो, हे त्यामुळे नक्की झालं.

आठवड्याने तोंड बरं झालं. आता तो बी सोडून नुसता बोंडू खायला शिकला होता. मला त्याचा अभिमान वाटला. बोंडू म्हणजे फळ, फळात काय वाईट? पण झाडाखाली दोन-तीन दिवस उन्हात पडलेला बोंडू फळ राहत नाही. आपण बोंडू तुडवून, रस आंबवून, भट्टीच्या भाणात चढवतो, मग हुर्राक आणि हुर्राकाची फेणी होते. त्यातलं आंबवण्याचं काम झाडाखाली आपोआप झालेलं असतं. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कॅश्यूने गाळणं-उकळणं वगळून थेट खाल्लेल्या मालाला अजून कोणी मानांकन दिलेलं नाही, पण गुण तोच. घरी येताना तो चारही पायांवर होता, मात्र पायांचं आपापसांत पटत नव्हतं. असली चाल मी याआधी हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांची पाहिली होती. आम्ही उभयतां हसलो. पशुवैद्य हसले नाहीत. कुत्र्याच्या शरीराला दारू सोसत नाही, त्याची साखर उतरते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो, असं त्यांनी सांगितलं आणि रात्रभर जागायला लावलं. पहाटे चारला कॅश्यू घोरत होता आणि आम्ही दोघं त्याचे श्वास मोजत बसलो होतो. मुलगा लहान असतानाही आम्ही एवढं जागलो नव्हतो, असं बायको म्हणाली. मुलगा बोंडू खात नव्हता.

मी पत्रकाच्या खाली पेनाने लिहिलं : 'काजूची बी. काजूचा बोंडू.'

एप्रिल-मे म्हणजे मानकुराद. हंगामाच्या तोंडाला मानकुरादचा भाव ऐकला की माणसं डझनाऐवजी नगावर येतात. आमच्या अंगणातल्या कलमाचा पहिला पिकलेला आंबा कॅश्यूने अख्खा गिळला, बाठ्यासकट. पैशाचं दुःख बाजूला ठेवून पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, बाठा आतड्यात अडकला तर पोट फाडून काढावा लागतो. दोन दिवस पाहू. उलटी, पोटदुखी, शी बंद, यांतलं काही दिसलं तर ताबडतोब आणा. ते दोन दिवस वाड्यातलं दुसरं काही काम निघालं नाही. येणारा-जाणारा गडग्यावरून डोकावून विचारायचा, "आला काय?" लांबच्या प्रवासाहून कोणी घरचं माणूस यायचं असावं तसं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो आला, उलटीतून. बायकोने काकींना ओरडून सांगितलं, काकींनी पुढच्या घराला. कुणाकडे नातू झाला तेव्हाही बातमी इतक्या लवकर पोचली नव्हती. पत्रकात भर : 'आंब्याचा बाठा.'

पाऊस आला. पावसाळ्यात निदान फळं नाहीत, असा माझा हिशेब. हिशेबात पानं राहिली. गडग्याच्या कडेला अळू आणि तेरें पोटरीइतकं वाढलं होतं. त्याच्या पानादेठांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून आपण त्याला सोलं किंवा आंबाडे घालून, मऊ शिजवून, हात जोडून खातो. कॅश्यूने ते कच्चं चावलं आणि अर्धा तास पंज्यांनी तोंड घासत, लाळ गाळत अंगणभर नाचला. खाजवण्याची एवढी मोठी इच्छा आणि जिभेला खाजवायची सोय नाही, अशी अवस्था. सुदैवाने हे आपोआप उतरतं.

त्याच सुमारास मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना मी त्याला लावणीच्या शेतातलं पाणी पिऊ दिलं. "पावसाचं पाणी, स्वच्छ," मी म्हणालो. त्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टो होतो, तो कुत्र्याला होतो, कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे पशुवैद्यांनी मला समजावून सांगितलं. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यायची असते. मला कसलीच नव्हती. तांबड्या शेतातलं पाणी पीत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो काकींच्या परसातल्या डोणीतलं पितो.

सप्टेंबरात वेगळाच पाहुणा आला. २०२५ च्या त्या महिन्यात दोडामार्गाकडून ओंकार नावाचा हत्ती पेडणे तालुक्यात उतरला आणि भात, केळी असं जे हाताला, म्हणजे सोंडेला, लागेल ते जेवत फिरला. जर्मनीहून मुलाचा फोन. "बाबा, संध्याकाळचं फिरणं चुकवू नका. त्याला व्यायाम लागतो." म्हटलं, "बाळा, सध्या तालुक्यात हत्ती व्यायाम करतोय." कॅश्यू ते सगळे दिवस पलंगाखालून भुंकला. पिकात शिरून खाणाऱ्याची काय बडदास्त ठेवतात, फटाके, ढोल, वनखात्याची गाडी, हे मात्र त्याने कान टवकारून ऐकून घेतलं असावं. त्याचं वजन चार टन असतं तर त्याचीही तशीच ठेवली असती.

पाऊस ओसरला आणि डोंगरमाथ्यावरचे सडे पिवळे झाले. मोपाच्या सड्याचा मोठा भाग आता विमानतळाखाली आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. पण आजूबाजूला अजून मोकळे सडे आहेत आणि त्यांवर दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत वाळून उभं असतं. दिसायला फार सुंदर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण कुत्र्याच्या कानातलं दिसत नाही. या कुसळाची करामत ऐका. बी टोकदार, तिच्यावर मागे वळलेले केस, म्हणजे पुढे सरकते, मागे येत नाही. वर लांब शेपटी. दवाने ओली झाली, उन्हाने सुकली की ती पिळवटते आणि बी मळसूत्रासारखी जमिनीत शिरते. जमीन नाही मिळाली तर कुत्रा चालतो. कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यांत शिरते, आतल्या आत सरकत जाते आणि कुठेतरी भलतीकडे गळू होऊन उगवते.

कॅश्यू मान वाकडी करून, कान झटकत घरभर फिरायला लागला तेव्हा मला वाटलं, त्याला माझं गाणं आवडत नाही. चौथ्या दिवशी पशुवैद्यांनी लांब चिमट्याने त्याच्या कानातून दोन इंच कुसळ ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता मुसळ कुठे आहे, ते मी सांगू का?"

त्याच दिवसांत एका संध्याकाळी खालच्या शेताचे मालक मुद्दाम घरी आले. चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "भाऊ, मेरेर वखद घातलां हां. सुण्याक हाडूं नाका." वखद म्हणजे औषध. मला वाटलं, मेरेला काही दुखणं आहे. आपल्याकडे शेतकरी विषाला औषध म्हणतो, आणि ते पिकाच्या बाजूने बरोबरच आहे. हे औषध उंदरांसाठी होतं : झिंक फॉस्फाइड, काळी पूड, गूळ-खोबरं-तांदळात कालवलेली. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा विषारी वायू होतो. त्याला लसणीसारखा वास येतो. असा कुत्रा ओकला तर त्या वायूने डॉक्टरलाही बाधा होऊ शकते, म्हणून आधी खिडक्या उघडतात. गूळखोबरं म्हटल्यावर आमच्या कॅश्यूने उंदरांना रांगेत मागे टाकलं असतं. त्या गृहस्थांनी चहाच्या निमित्ताने त्याचा जीव वाचवला.

दुसऱ्याच आठवड्यात वरच्या वाड्यातलं एक पिल्लू गेलं. "कितें तरी खालें," एवढंच लोक म्हणाले. गावठी कुत्र्याच्या मरणाचा दाखला तेवढाच असतो. कुठलं शेत, कुठलं औषध, कोणी विचारत नाही. लॅब्रॅडॉरच्या बाठ्याची दोन दिवस चौकशी करणारा आमचा वाडा त्या दिवशी लवकर जेवून झोपला. मीही झोपलो, म्हणून हे कुणाला टोचायला लिहीत नाही.

आता सुपारी.

बायकोचं माहेर डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला. मेव्हण्यांचं कुळागर आहे : खाली पाट, वर पोफळी, पोफळींना मिरवेली, मधून नारळ, केळी, अननस. डिसेंबरात आम्ही कॅश्यूसकट तिथे गेलो. मेव्हण्यांनी पहिल्यांदा विचारलं, "याला बांधायची सवय आहे ना?" मी अभिमानाने पाच मीटर दोरी दाखवली. ते गप्प बसले. मोठे मेव्हणे दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

नारळाच्या आळ्यांत पेंड घातली होती. मी म्हटलं, "सेंद्रिय आहे ना? मग भीती नाही." यावर मात्र ते बोलले. ती एरंडीची पेंड होती. एरंडेल काढून घेतलं तरी रायसिन पेंडीत राहतं, आणि १८८८ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलेलं हे विष जगातल्या जहाल विषांत मोजतात. कुत्र्यांना पेंडीचा वास जेवणासारखा येतो. खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी रक्ताच्या उलट्या होतात आणि मग फार वेळ नसतो. पलीकडे जूनमधल्या बोर्डो मिश्रणाचं निळं पिंप उभं होतं : मोरचूद आणि चुना, पोफळीच्या कोळेरोगावर फवारायला. मी एवढी वर्षं कुळागराला 'थंडगार हिरवी जागा' म्हणत आलो होतो. मेव्हण्यांना तो बुरशी, भुंगा, उंदीर, माकड आणि रानडुक्कर अशा पाच आघाड्यांवरचा मोर्चा होता.

मी हे ऐकत असताना कॅश्यूने, दोरीच्या पाचव्या मीटरवर, पडलेल्या ओल्या सुपाऱ्या चावायला घेतल्या. किती चावल्या कळलं नाही. थोड्या वेळाने लाळेची धार लागली, पाय थरथरू लागले, आणि मग पोटाने असा निकाल लावला की पाटाच्या कडेची झाडं पुढची दोन वर्षं खताविना वाढतील. डिचोलीत ज्या डॉक्टरांकडे पळालो ते वयस्क होते. सलाईन लावून, सगळं आटोक्यात आल्यावर ते शांतपणे म्हणाले, "पूर्वी आम्ही हे औषध म्हणून द्यायचो."

सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते गेल्या शतकात जगभर कुत्र्यांना पट्टकृमी पाडण्यासाठी देत. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून माणसांना हायडॅटिड हा कृमिरोग होई, म्हणून तिथे १९५९ मध्ये कायदाच झाला. गावोगावचे कुत्रे एका ठिकाणी आणून, हे पाजून, पुढे जे होईल त्याची सरकारी माणसं तपासणी करत. औषध आणि विष यांतलं अंतर मात्र त्यात फार थोडं, म्हणून सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. म्हणजे आमच्या घरात कुत्र्याला सुपारी दिली गेली, ती मी स्वतः, पाच मीटर मोकळीक देऊन दिली आणि तिच्यावर कुणी खटलाही भरणार नव्हतं. मेव्हणे रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "जंत तरी गेले."

परत येताना गाडीत मी पत्रक काढलं. मुलाने छापलेल्या पाच नावांखाली माझ्या हाताने लिहिलेली नऊ-दहा होती. मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्याने फ्लॅटची यादी दिली होती, कारण फ्लॅटमध्ये धोका कपाटात असतो. मी मात्र शेताला फिरायची बाग समजलो. बागेत आपण पाहुणे असतो, शेतात आपण वाट चुकलेले. तिथली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पोटासाठी उभी आहे आणि कुणाच्या तरी तोंडापासून राखलेली आहे. त्या राखणीत आमच्या कुत्र्याचं नाव नव्हतं, पण तोंड होतं.

तांबड्याला हे ठाऊक आहे. तो मेरेच्या मधोमध चालतो, काजूखालून सरळ पुढे जातो, घरच्या ताटाशिवाय कशाला तोंड लावत नाही. मला वाटायचं, गावठी कुत्र्यांना उपजतच कळतं. काकी म्हणाल्या, "कळटा खंय? ज्यांना कळलं नाही ते आता नाहीत, म्हणून कळलेलेच दिसतात."

मुलगा पुढच्या महिन्यात कुत्रा न्यायला येतो आहे. तोवर ज्यांना आपली जनावरं घेऊन मांद्रे, कोरगाव, मये, नार्वे या बाजूंना मोकळी हवा खायला यायचं आहे त्यांनी जरूर यावं. हवा खावी, कुत्र्याला दुसरं काही खाऊ देऊ नये. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारावं, तो 'औषध घातलंय' म्हणाला तर तिथूनच मागे फिरावं. घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी काढायला जाऊ नये, त्यानेच कुत्रा दगावू शकतो. जे खाल्लं त्याचा तुकडा किंवा पुडीचा कागद घेऊन थेट पशुवैद्य गाठावा. आणि दोरी कितीही लांब असली तरी बटण दाबूनच ठेवावं. पेडण्यात ती एक मीटर पुरते, कुळागरात अर्धा.